वुबालेचचा तिसरा पेला

इथिओपियातल्या देब्रे मार्कोस गावात हिरूतला सगळे तापट म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण हा राग तिने बाजारातून विकत आणलेला नाही, तो तिला आईकडून मिळाला आहे. तिची आई वुबालेच बसस्टँडच्या फाटकाशी अडतीस वर्षं कॉफी विकत बसली. त्या अडतीस वर्षांत तिच्या स्टुलाला लाथ मारायची हिंमत एकाच पोलिसाने केली, आणि तिने उकळतं भांडं त्याच्या बुटांवर रिकामं केलं. आठवड्याने तोच पोलीस नवे बूट घालून मुकाट्याने कॉफी प्यायला आला. तिने त्याला दीड चमचा साखर घालून पेला दिला. विचारलं नाही. कोणाला किती साखर लागते, कोणाला जुन्या वळणाप्रमाणे मीठ लागतं, कोणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. नवरा उत्तरेच्या लढाईत गेला तो परत आला नाही. या एका भांड्यावर तिने दोन पोरं वाढवली. थोरली हिरूत, आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा देसालेन, जो आता आदिस अबाबात कचेरीत टाय लावून बसतो.

अशा बाईने एका सकाळी एकाच ड्रायव्हरला तीन वेळा विचारलं, "साखर किती?" ड्रायव्हर हसला. हिरूत हसली नाही.

मग एकेक सुरू झालं. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या कंडक्टरसाठी वुबालेच पेला भरून वाट बघत बसायची. तिची पांढरी शाल सापडेना तेव्हा तिने भर गल्लीत हिरूतचं नाव घेतलं. "चोरटी! पोटची पोर म्हणून घरात घेतली, आणि माझ्याच अंगावरचं काढून नेते!" शाल पिठाच्या डब्यात सापडली. वुबालेच ते विसरून गेली. गल्ली मात्र विसरली नाही.

आणि ज्याला त्याला एकच वाक्य ठाऊक. वय झालं, आता असंच चालायचं. हे ऐकलं की हिरूतच्या अंगाची लाही लाही व्हायची. पाण्याच्या नळापाशी राहणारी नव्वदीची म्हातारी अजून सगळ्या गल्लीची लग्नं आणि मयतं तारखेनिशी सांगते. तिचं वय झालं नाही वाटतं? वय झालेल्या माणसाला नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. चष्मा कशासाठी असतो हेच विसरायला लागला, तर त्याला वय म्हणून हात झटकायचे, हा कुठला न्याय? पण न्याय मागायचा कोणाकडे? शेवटी हिरूतने शिलाईचं मशीन झाकलं, पाटलोणींची आठवड्याची कामं परत केली आणि आईला घेऊन सात तासांच्या बसने आदिसला गेली. देसालेनला त्या दिवशी मीटिंग होती. त्याने फोन केला. फोन करण्यात तो हुशार.

मोठ्या इस्पितळात मेरोन नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिने मेंदूचे फोटो काढवले आणि उजेडासमोर लावून दाखवले. बाजूला दुसऱ्या एका धडधाकट म्हातारीचा फोटोही लावला.

"हे बघा. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एक वाकडा भाग असतो. आत्ता काय झालं ते हाच भाग धरून ठेवतो. या बाईंचा भरलेला आहे. तुमच्या आईचा आक्रसून निम्मा झालाय. भोवती जी रिकामी जागा दिसते ना, तिथे पूर्वी मेंदू होता."

"आणि हे पांढरे ठिपके?"

"बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यात. रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता?"

हिरूतने मनात वर्षं मोजली. आरोग्य केंद्रातून आई एक पाकीट गोळ्या आणायची, डोकं दुखायचं थांबलं की उरलेल्या फडताळात ठेवायची. डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला? दोष कुणाचा काढायचा? गोळ्या देणाऱ्याने एकदाही सांगितलं नव्हतं की या जन्मभर घ्यायच्या असतात.

"गेलेलं परत येत नाही," मेरोन म्हणाली. आडपडदा न ठेवता बोलली म्हणून हिरूतला ती आवडली. "पण हे ठिपके वाढू द्यायचे नाहीत. रक्तदाबाची गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका. चुकवली तर पुढचा ठिपका मोठा असेल, आणि मग त्यांची वाचा जाईल किंवा अर्धं अंग."

"पण डॉक्टर, कॉफी तर ती अजून झकास करते. एक दाणा करपत नाही."

"ते करणारच. जन्मभर हातांनी केलेलं काम मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, ते उशिरा जातं. कशी करायची ते त्यांना येतं. केली की नाही, हे कळत नाही."

हे वाक्य हिरूतने घरापर्यंत जपून आणलं, कारण ते तिने रोज पाहिलेलं होतं. कॉफीचे तीन पेले असतात. पहिला कडक, तो आबोल. त्याच भुकटीवर पुन्हा पाणी घालून उकळलेला दुसरा, तो तोना. तिसरा पातळ, तो बेरेका, आशीर्वादाचा. बेरेका घेतल्याशिवाय उठणारा पाहुणा असंस्कृत. आणि वुबालेच आबोल ओतायची, पेले गोळा करून धुवायची, आणि ओल्या पेल्यांकडे बघून तिला वाटायचं, पाहुणे आत्ताच आलेत. मग ती हिरवे दाणे धुऊन नव्याने भाजायला घ्यायची. म्हणून हिरूत तिच्या मागे बसून कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणायची, "झाला एमाये आबोल, आता तोना." एमाये, म्हणजे आई, हुं म्हणायची आणि भांड्यात पाणी घालायची. घरधनिणीला तिच्याच भांड्याचा हिशेब पाहुण्यांसमोर सांगणं म्हणजे तिची अब्रू काढणं. म्हणून दोन वर्षं हे कुजबुजीत चाललं, आणि 'वय झालं' यापलीकडे गल्लीला पत्ता लागला नाही. हिरूतची चूक झाली ती इथे. आईची अब्रू तिने इतकी झाकली की आईचा आजारही झाकला गेला.

मग देसालेन दर रविवारी फोन करणार.

"एमाये, कशी आहेस?"

"देवाची कृपा. तू कसा? बायको बरी? मुलं बरी? झोप लागते? काम बरं? शेजारी बरे? देवाची कृपा, देवाची कृपा."

पाच मिनिटं हे सुरळीत. नमस्कार-चमत्कार तिने पंच्याहत्तर वर्षं केलेले, तेही हातातल्या कामासारखेच पक्के. फोन ठेवला की ती विचारायची, "कोण होता ग? चांगला वाटला बिचारा." आणि देसालेन लगेच आपल्या एतेतेला, थोरल्या बहिणीला, फोन करायचा.

"एतेते, आई ठणठणीत आहे. तुझंच काहीतरी बिनसलंय. नवरा सोडून गेला तेव्हापासून तुला घरादारात रोग दिसतो."

"येऊन आठ दिवस राहून बघ."

"रजा कुठे असते आम्हाला!"

रजा मात्र एकदा मिळाली. कोणी तरी देसालेनला सांगितलं की डोंगरावरच्या मठात झरा आहे, दोन महिने त्या तीर्थाखाली बसवलं की म्हाताऱ्यांची भुताटकी धुऊन निघते, फक्त त्या दिवसांत गोळी पोटात जाता कामा नये. लगेच स्वारी मठाची खोली ठरवून हजर. हिरूत तीर्थाच्या विरुद्ध नव्हती. दर महिन्याला तीच आईला चर्चच्या झऱ्यावर न्यायची, बाटली भरून आणायची. पण गोळी बंद? मेरोनचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि भावाबहिणीचं असं भांडण झालं की नळावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. देसालेनने दोन वडीलधारे मध्यस्थ म्हणून बोलावले. ते म्हणतील ते दोघांनी मान्य करायचं. गाशे अयालेव, निवृत्त मुख्याध्यापक. आणि अब्बा किरोस, चर्चचे पाद्री, ज्यांच्यापाशी वुबालेच तीस वर्षं पापं कबूल करत आली. आता तिला पापंही आठवत नव्हती.

रविवारी चर्च सुटल्यावर ते आले. जमिनीवर ताजं गवत पसरलं होतं, ऊद जळत होता, बशीत भाजलेले जव होते. वुबालेच स्टुलावर ताठ बसलेली. पांढरी शाल, केसांना लोणी. दाणे तिने असे परतले की एकसारखा रंग आला. धुमसता तवा तिने सगळ्यांच्या नाकाखालून फिरवला, आणि गाशे अयालेवांनी हाताने धूर ओढून घेऊन डोळे मिटले. मग दाणे कुटले, भांडं चढवलं, निवळू दिलं, आणि वीतभर उंचीवरून बारीक धार. एक थेंब बाहेर नाही.

"वा, एमामा!" गाशे अयालेव म्हणाले. "आणि ही बाई आजारी?"

"मी काय म्हणत होतो, गाशे," देसालेन म्हणाला. "मठात दोन महिने राहील, हवापालट होईल. हिला मात्र कागद पाहिजेत, फोटो पाहिजेत. आईच्या डोक्याचे फोटो काढून गावभर दाखवते!"

"गावभर? तुला दाखवायला आणले होते. तू पाकीटसुद्धा उघडलं नाहीस."

"मुली, आवाज," अब्बा किरोस म्हणाले. "मोठा माणूस थकतो, कधी विसरतो. देवाने दिलेलं डोकं, देवच सांभाळेल. तू फार कडक वागतेस तिच्याशी."

हिरूतच्या डोक्यात तिडीक गेली. ती कडक! जी रात्रंदिवस चोरटी म्हणून घेते, ती कडक, आणि जो रविवारी पाच मिनिटं गोड बोलतो तो श्रावणबाळ! गाशे अयालेवांनी हात वर केला. रीतीप्रमाणे निकाल बेरेका झाल्यावर सांगतो, म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर निकाल तेव्हाच लिहिलेला होता.

वुबालेचने पेले गोळा केले आणि धुतले. ओल्या पेल्यांकडे पाहिलं. मग मान किंचित मागे वळवली, जिथे हिरूत रोज बसते तिकडे.

हिरूतने ओठ घट्ट मिटले.

वुबालेचने हिरवे दाणे पाण्यात टाकले.

मध्यस्थ एकमेकांकडे बघून हसले. घरधनीण सढळ हाताची दिसते, दोनदा कडक पाजते. तवा पुन्हा नाकाखालून फिरला, पुन्हा कुटणं, पुन्हा बारीक धार. "या, या, चर्चमधून थेट आलात ना?" वुबालेच म्हणाली. अब्बा म्हणाले, "हो, एमामा," आणि प्यायले. पेले गोळा झाले, धुतले गेले. मान मागे वळली. हिरूत गप्प. तिसऱ्यांदा दाणे पाण्यात पडले तेव्हा कोणी हसलं नाही.

आता उठायची सोय नव्हती. बेरेका झाला नव्हता. आणि म्हातारीच्या हातचा पेला परत करण्याचा उर्मटपणा या गावात तिऱ्हाईतही करत नाही, मध्यस्थ कुठला करणार? बसा म्हणावं आता, हिरूत मनात म्हणाली. दोन वर्षं मी बसले, तुम्ही एक दुपार बसा. गाशे अयालेवांचा गुडघा आपोआप हलायला लागला होता. देसालेनच्या कपाळावर घाम. तो बहिणीला डोळ्यांनी खुणावत होता, सांग ना तिला. हिरूत बशीतले जव एकेक करून चघळत होती.

तिसरा आबोल ओतून झाला तेव्हा अब्बा किरोसांनी छातीवर हात ठेवला.

"मला जरा घरी जाऊन यायला हवं."

"बेरेकाआधी, अब्बा?" हिरूत म्हणाली.

"छातीत धडधडतंय. इतकी कडक... माझी दुपारची गोळी राहिली आहे."

"कसली गोळी?"

अब्बा देसालेनकडे बघेनात. "रक्तदाबाची. डॉक्टरने सांगितलंय, चुकवायची नाही."

हिरूत उठली. फडताळावरून तिने तीर्थाची बाटली काढली आणि त्यांच्यापुढे गवतावर ठेवली. "घ्या अब्बा. गोळी कशाला? देवाने दिलेलं डोकं, देव सांभाळेल."

"एतेते!" देसालेन ओरडला.

"काय एतेते? त्यांच्या रक्तवाहिन्या रक्तवाहिन्या, आणि माझ्या आईची भुताटकी? त्यांची गोळी दुपारी चुकली तर ते छाती धरतात, आणि तिची दोन महिने चुकवायची? एका दुपारी तिने तीनदा नव्याने कॉफी केली, तुम्ही तिघे मोठे मोठे पुरुष, एकाचीही छाती झाली नाही म्हणायची की एमामा, तुला आठवत नाही! अब्रू राखताय तिची? अब्रू राखत राखत तिला मारून टाकाल!"

अब्बांनी मान खाली घातली, आणि ती खरोखर शरमेने घातली होती, हे हिरूतला दिसलं. तिला बरं वाटलं. का वाटू नये? दोन वर्षांत पहिल्यांदा तिचं म्हणणं घरात उभं राहिलं होतं.

तेवढ्यात तवा वाजला. वुबालेच चौथ्यांदा दाणे परतत होती, पण हात थांबला होता. दाणे करपायला लागले. अडतीस वर्षांत तिने एक दाणा करपू दिला नव्हता. ती तव्याकडे बघत होती, मग पेल्यांकडे, मग दारात काढून ठेवलेल्या चपलांकडे. तिचा चेहरा घाबरलेला होता. ती हिरूतकडे वळली आणि परक्या बाईशी बोलावं तशी अदबीने बोलली.

"बाई, माझी मुलगी कुठे गेली? ती सांगते मला, कितवा पेला ते. हळूच सांगते, कुणाला कळू देत नाही." तिने आवाज आणखी खाली आणला. "आज मी सारखी मागे बघतेय, ती बोलतच नाही. तिला राग आलाय का माझा?"

हिरूत गवतावर बसली. म्हणजे आईला ठाऊक होतं. नाव हरवलं, चेहरा हरवला, पण मागून एक आवाज येतो आणि तो आपल्याला सांभाळतो, एवढं उरलं होतं. आणि नेमका तोच आवाज हिरूतने आज तिन्ही पुरुषांना धडा शिकवायला काढून घेतला होता. सगळ्या दुपारभर. डोळ्यांदेखत.

"नाही एमाये," ती म्हणाली. "तुझा नाही आला राग."

"मग हा कितवा?"

देसालेनने पुढे होऊन तवा उतरवला. त्याची टाय गवतात लोळत होती. त्याने आधीच्याच भांड्यात पाणी घातलं, चांगलं भरपूर, आणि विस्तवावर ठेवलं. हिरूत आईच्या मागे, आपल्या जागी जाऊन बसली.

"हा तिसरा. बेरेका."

वुबालेचचा चेहरा एकदम निवळला. तिने पेले भरले, दोन्ही हात वर केले, आणि तिच्या तोंडून आशीर्वाद असे घडाघडा आले की जणू काही झालंच नव्हतं. घरात आजार न येवो, भावंडांत वाकडं न येवो, म्हाताऱ्यांची दृष्टी टिको, परदेशी गेलेलं परत येवो. प्रत्येक वाक्याला चौघांनी आमेन म्हटलं. अब्बांचं आमेन सगळ्यांत मोठं होतं.

निकाल गाशे अयालेवांनी उभ्या उभ्याच सांगितला. वुबालेच इथेच राहील. गोळी चालू राहील, तीर्थही चालू राहील. देसालेनने वर्षातला एक महिना येऊन राहायचं, फोनवर नाही, जातीने. देसालेन पेले विसळत होता, आणि त्याला ते नीट येत नव्हतं. अब्बा लगबगीने घरी गेले. गोळीच घ्यायला.

हिरूत जिंकली. हे तिला गल्लीतल्या चार जणींनी सांगितलं, आणि चौघींनाही तिने झिडकारलं. तिचा राग कमी झाला नाही. भावावरचा थोडा निवला, गोळ्यांचं पाकीट मुकाट हातात देणाऱ्यांवरचा तसाच आहे, आणि स्वतःवरचा नवा आहे.

पुढच्या रविवारी शेजारणी कॉफीला आल्या. वुबालेचने पेले धुतले, ओल्या पेल्यांकडे पाहिलं आणि मान मागे वळवली. हिरूत मागे नव्हती. ती स्टूल घेऊन आईच्या शेजारी, सगळ्यांसमोर बसली होती.

"आबोल झाला, एमाये," ती खणखणीत आवाजात म्हणाली. दोन शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. "आता तोना. आणि जिला हे ऐकायची लाज वाटत असेल तिने पेला खाली ठेवावा आणि घरी जावं."

कोणी गेलं नाही. वुबालेचने भांड्यात पाणी घातलं.